चाळीस अंशांतील योगवर्ग : न्यू जर्सीतील एका स्टुडिओविषयी

एडिसनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या एका लहानशा बाजारसंकुलात हॉट योगाचा, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत करायच्या योगाचा, एक स्टुडिओ आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून मी तेथे नियमित जात आहे. या भागात राहणारी मराठी मंडळी भेटली की तेथे नेमके काय असते आणि एवढे पैसे मोजण्यासारखे त्यात काही आहे का, असे विचारतात. त्यासाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे स्टुडिओचे नाव मुद्दाम दिलेले नाही. माझे मत आधीच सांगते: येथील शिकवणे उत्तम आहे आणि पैसे द्यायचेच तर त्यासाठी द्यावेत, उष्णतेचे जे गुण येथे गायले जातात, त्यांतील बरेचसे मला पटलेले नाहीत.

स्टुडिओतील मुख्य वर्ग नव्वद मिनिटांचा असतो. खोलीचे तापमान १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४०.५ अंश सेल्सिअस, आणि हवेतील आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या वाचकाला या आकड्याचे अप्रूप वाटणार नाही, कारण मे महिन्यात तेथे सावलीतही याहून अधिक तापमान असते. मात्र तेथे उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, घाम अंगावरच्या अंगावर वाळतो, आणि कोणी दुपारी दोन वाजता एका पायावर उभे राहून गुडघ्याला कपाळ लावायला जात नाही. वर्गात सव्वीस आसने आणि श्वसनाचे दोन प्रकार ठरलेल्या क्रमाने होतात व बहुतेक प्रत्येक आसन दोनदा करवून घेतले जाते. आरंभी उभ्याने दीर्घ श्वसन, मग अर्धचंद्रासन व पादहस्तासन, उत्कटासन, गरुडासन, पुढे तोल सांभाळण्याची आसने, त्रिकोणासन, ताडासन असा पहिला, उभ्याने करायचा भाग असतो. त्यानंतर शवासन आणि मग पवनमुक्तासन, भुजंगासन, शलभासन, धनुरासन, सुप्त वज्रासन, उष्ट्रासन, शशांगासन, अर्धमत्स्येन्द्रासन असा जमिनीवरचा भाग येतो आणि वज्रासनात बसून केलेल्या कपालभातीने शेवट होतो. जानेवारीत गेलात काय किंवा जुलैत, या क्रमात काहीही बदलत नाही.

हा क्रम रूढ केला तो विक्रम चौधरी यांनी. कोलकात्याचे व्यायामशिक्षक बिष्णु चरण घोष, म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू, हे त्यांचे गुरू. १९७०च्या दशकात चौधरी अमेरिकेत आले आणि लॉस एंजेलिसमधून ही पद्धत त्यांच्याच नावाने जगभर पसरली. आसनांच्या क्रमावर त्यांनी सांगितलेला स्वामित्वहक्क अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केला, आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने लैंगिक छळाच्या दाव्यात त्यांच्या माजी महिला कायदा सल्लागाराच्या बाजूने निकाल देऊन त्यांना मोठ्या रकमेची भरपाई द्यायला लावली. तेव्हापासून असंख्य स्टुडिओंनी त्यांचे नाव पाटीवरून उतरवले. आमच्या स्टुडिओच्या वेळापत्रकातही वर्गाला नुसते 'सव्वीस आणि दोन' म्हटलेले आहे. या इतिहासाबद्दल स्टुडिओत कोणी आपण होऊन बोलत नाही; परंतु पद्धत शिकावी आणि माणसाचे उदात्तीकरण करू नये, अशी तेथील मुख्य शिक्षिकेची भूमिका आहे व ती मला योग्य वाटते.

आता शिकवण्याविषयी, कारण या जागेचे खरे मोल त्यातच आहे. पुण्यात अय्यंगार पद्धतीने योग शिकलेल्या कोणालाही येथे पहिल्याच दिवशी चुकल्यासारखे होईल. तेथे शिक्षक स्वतः आसन करून दाखवतात, हाताने खांदा फिरवून देतात, पट्टा, वीट, दोर, खुर्ची असे साहित्य सर्रास वापरतात. येथे यातले काहीच नाही. शिक्षिका आरशाशेजारच्या छोट्या चौथऱ्यावर उभी राहते, स्वतः एकही आसन करत नाही, कोणाला हात लावत नाही आणि नव्वद मिनिटे अखंड बोलत असते. कोणता पाय, कोणता हात, हनुवटी कोठे, भार टाचेवर की चवड्यावर, श्वास आत की बाहेर, हे सारे ऐकायचे, समोरच्या आरशात स्वतःला पाहायचे आणि करायचे. पहिले काही वर्ग हा बोलण्याचा मारा असह्य होतो. नंतर लक्षात येते की कान आणि शरीर यांच्यामध्ये विचाराला फिरकायला जागाच उरत नाही, आणि दिवसभर संगणकासमोर बसून दमलेल्या डोक्याला हीच मोठी विश्रांती असते.

हे बोलणे बऱ्याच अंशी ठरीव असते. शिक्षकांना प्रशिक्षणात ते पाठ करावे लागते. सामान्य शिक्षक ते म्हणून मोकळा होतो. चांगला शिक्षक तेच बोलत असताना वर्गाकडे पाहत असतो आणि योग्य क्षणी एखादे वाक्य बदलतो. उदाहरण दंडायमान जानुशीर्षासनाचे देता येईल. एका पायावर उभे राहून दुसरा पाय समोर आडवा ताणायचा, त्याचे पाऊल दोन्ही हातांनी धरायचे आणि मग कपाळ गुडघ्याकडे न्यायचे असे हे आसन आहे. उभ्या पायाचा गुडघा घट्ट 'लॉक' करा, अशी या पद्धतीतील जुनी सूचना आहे, आणि ज्यांचे सांधे मुळातच सैल असतात त्यांचा गुडघा अशा सूचनेने मागे ढकलला जाऊन दुखावू शकतो. येथील मुख्य शिक्षिका 'मांडीचा स्नायू वर ओढा, गुडघा मागे रेटू नका, भार बोटांकडेही राहू द्या' असे सांगते, आणि तो सरळ होत नाही तोवर पुढच्या टप्प्यावर जाऊ देत नाही. वर्गातील अर्ध्याहून अधिक माणसे त्यामुळे कायम पहिल्या टप्प्यावरच उभी असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हे वातावरण तयार करणे सोपे नसते. समोर आरसा, शेजारी विशीतली लवचिक मुले, आणि तरीही साठीतला एखादा गृहस्थ पाऊल हाताशी येत नाही म्हणून नुसताच गुडघा छातीशी धरून निवांत उभा आहे, हे दृश्य मी इतर व्यायामशाळांत फारसे पाहिलेले नाही.

जमिनीवरच्या भागात प्रत्येक आसनानंतर वीसेक सेकंदांचे शवासन असते. छातीत धडधडत असताना अचानक निश्चल पडून राहण्याचा हा सराव मला संपूर्ण वर्गातील सर्वांत उपयोगी भाग वाटतो. उष्ट्रासनाच्या वेळी मळमळ किंवा घेरी येणे फार सामान्य आहे, आणि ते येण्याआधीच शिक्षिका तशी कल्पना देते. मान मागे टाकायची नसेल त्यांनी हात कमरेवर ठेवून छाती वर उचलावी, हा पर्याय प्रत्येक वेळी सांगितला जातो.

क्रम कधीच बदलत नाही याचा फायदा असा की आपली प्रगती आपल्याला मोजता येते. गेल्या महिन्यात त्रिकोणासनात कोपर कोठे टेकत होते आणि आज कोठे टेकते हे स्पष्ट दिसते. तोटाही तेवढाच स्पष्ट आहे. या सव्वीस आसनांत हातांवर शरीराचा भार पेलण्याचे असे एकही आसन नाही. सूर्यनमस्कार नाही, शीर्षासन नाही, सर्वांगासन नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्याचा आयुष्यभर प्रचार केला आणि आपल्यापैकी अनेकांनी जो शाळेच्या मैदानावर घातला, तो नमस्कार ज्यात बसत नाही अशी योगाची संपूर्ण पद्धत मराठी माणसाला अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. खांदे, मनगटे आणि दंड यांच्या बळासाठी येथे आठवड्यात जे काही घडते ते पुरेसे नाही. मी घरी बारा नमस्कार वेगळे घालते. स्टुडिओत संध्याकाळी संगीताच्या साथीचा, थोड्या कमी तापमानाचा विन्यास वर्गही, म्हणजे श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात न थांबता जाण्याचा वर्ग, असतो आणि त्यात नमस्कार असतात, परंतु तेथे वेग एवढा असतो की कोणाचे काय चुकते आहे हे पाहायला शिक्षकाला उसंतच मिळत नाही. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

उष्णतेचे काय? स्वागतकक्षातील फलकावर तीन दावे ठळक अक्षरांत लिहिलेले आहेत: एका वर्गात हजारापर्यंत कॅलरी जळतात, घामावाटे शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात, आणि उष्णतेमुळे हृदयाला व्यायाम होतो. यांतील पहिला दावा मोजमापांना धरून नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात याच नव्वद मिनिटांच्या वर्गावर झालेल्या मापनात पुरुषांचा खर्च सरासरी ४६० आणि स्त्रियांचा ३३० कॅलरींच्या आसपास निघाला, म्हणजे तेवढा वेळ भरभर चालण्याइतकाच. वर्गानंतर काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते आणि जेवणाआधीच भरून निघते. दुसऱ्या दाव्याबद्दल एवढेच सांगता येईल की घामात प्रामुख्याने पाणी आणि मीठ असते. शरीरातील टाकाऊ द्रव्यांचा निचरा करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात व त्यांना चाळीस अंशांच्या खोलीची गरज नसते.

तिसरा दावा अधिक विचार करण्यासारखा आहे. तापलेल्या खोलीत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि श्रम प्रत्यक्षाहून जास्त झाल्यासारखे वाटतात. टेक्सास स्टेट विद्यापीठातील स्टेसी हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तींच्या एका गटाने हीच सव्वीस आसने ४०.५ अंशांत आणि दुसऱ्या गटाने नेहमीच्या खोलीच्या तापमानात बारा आठवडे केली. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे कार्य दोन्ही गटांत सारखेच सुधारले. याचा अर्थ हितकारक जे काही होते ते आसनांमुळे होते. हीटरने त्यात भर घातल्याचे दिसले नाही. आमच्या स्टुडिओत रविवारी सकाळी नेमका हाच क्रम विना-उष्णता करवून घेणारा एक वर्ग असतो. त्याचे शुल्क इतर वर्गांएवढेच आहे, त्यात गर्दी नसते, शिक्षिकेचे लक्ष प्रत्येकाकडे जाते, आणि तरीही तो रिकामा असतो, कारण घाम आला नाही तर काहीतरी कमी झाले असे लोकांना वाटते.

या विषयावर आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांचे नाव पुढे करण्याची येथे पद्धत आहे, म्हणून एक नोंद करते. हठप्रदीपिकेत, जिची चिकित्सक आवृत्ती लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७० मध्ये काढली, श्रमाने आलेल्या घामाने अंग चोळावे, त्याने शरीराला दृढता आणि हलकेपणा येतो, असे सांगितले आहे. पण तो घाम प्राणायामाच्या श्रमाचा आहे, खोली तापवून आणलेला नाही. त्याच ग्रंथात साधनेच्या आरंभी अग्नीजवळ राहणे टाळावे असेही म्हटले आहे. फलक लिहिणाऱ्याने तेवढे वाचले असते तर बरे झाले असते.

असे असूनही मी हिवाळ्यात तापलेल्या वर्गालाच जाते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बाहेर तापमान शून्याखाली, घरात भट्टीची रुक्ष हवा, अंग सकाळपासून आखडलेले, अशा वेळी त्या दमट उबेत शिरताना जे सुख होते त्याला शास्त्राचा आधार शोधण्याचे कारण नाही. उष्णतेने स्नायू लवकर सैल होतात हेही खरे आहे. मात्र याच कारणाने तेथे आपल्या मर्यादेचा अंदाज चुकू शकतो. एरवी जेथे ताण जाणवून आपण थांबलो असतो तेथे ऊब पुढे जाऊ देते आणि दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. मांडीच्या मागच्या शिरांच्या बाबतीत हे विशेष जपावे.

माझी सर्वांत मोठी तक्रार याच संदर्भातली आहे. पहिल्या दिवशी टॅबलेटवर एक जबाबदारीमुक्तीचा लांबलचक मजकूर पुढे केला जातो, त्यावर बोटाने सही करायची आणि आत जायचे. कोणती औषधे चालू आहेत, रक्तदाब किती असतो, मधुमेह आहे का, असे एकही माणूस तोंडाने विचारत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २०१५ मध्ये वीस निरोगी व्यक्तींवर करवून घेतलेल्या पाहणीत वर्गाच्या अखेरीस काहींचे शरीरांतर्गत तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले आढळले होते, आणि तीही सारी सराव असलेली माणसे होती. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार असलेले, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या खोलीत पाऊल ठेवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की उष्णतेत ते त्वचेखालून अधिक वेगाने शोषले जाते आणि साखर अनपेक्षितपणे खाली येऊ शकते. आपल्या पिढीत या यादीत न बसणारे घर सापडणे कठीण, आणि तरीही आपल्या लोकांची सही सर्वांत झटपट होते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. या पद्धतीत वर्ग संपेपर्यंत खोलीबाहेर जाऊ नये असा जुना दंडक आहे, आणि पाणीही गरुडासनापर्यंत प्यायचे नाही. मुख्य शिक्षिका या बाबतीत समजूतदार आहे. बरे वाटत नसेल तर मॅटवर बसा, तरीही बरे वाटले नाही तर शांतपणे बाहेर जा, असे ती आरंभीच सांगते. तिच्या रजेत येणारे एक बदली शिक्षक मात्र बाहेर निघालेल्या बाईंना सर्वांसमक्ष थांबवून 'हे मनाचे खेळ आहेत' असे सुनावताना मी पाहिले आहेत. घेरी येत असलेल्या माणसाला आत थांबवण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेने कोणाला दिलेला नाही. मी व्यवस्थापनाला तसे लेखी कळवले. उत्तर सौजन्याचे आले, तरी वेळापत्रकात ते नाव अद्याप दिसते. नाव नोंदवताना शिक्षक कोण आहे हे ॲपवर पाहून घ्यावे.

जागेची व्यवस्था एकंदरीत चांगली आहे. जमीन गालिच्याची नाही, धुता येणाऱ्या रबरी पृष्ठाची आहे, आणि प्रत्येक वर्गानंतर ती पुसलेली मी पाहिली आहे. त्यामुळे या प्रकारच्या खोल्यांत जो आंबट वास कोंडलेला असतो तो येथे बराच कमी आहे. शॉवर मात्र दोनच असल्याने संध्याकाळच्या वर्गानंतर रांग लागते. ओल्या अंगाने थंडीत गाडीपर्यंत जाणे हा जानेवारीत खरा प्रश्न होतो, म्हणून कोरडे कपडे आणि कानटोपी पिशवीत असावीच. गर्दीच्या दिवशी दोन मॅटमध्ये हातभर अंतरही उरत नाही आणि एका पायावर अंग आडवे ताणायच्या तुलादंडासनात शेजाऱ्याची बोटे आपल्या नाकासमोर येतात.

कपड्यांबद्दल आपल्या बायका हमखास विचारतात. सुती कुर्ता दहा मिनिटांत चिंब होऊन अंगाला चिकटतो आणि जड होतो. अंगाबरोबर बसणारे, लवकर वाळणारे कपडेच सोयीचे. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवाव्यात, कारण तापलेला धातू त्वचेला लागतो आणि ओल्या हातातून पाऊल निसटते ते वेगळेच. चष्मा धुक्याने भरतो. आरशात स्वतःला पाहण्याची हौस असेल तर मागच्या रांगेत जाऊ नये. मॅटवर अंथरायला मोठा टॉवेल हवा. तो तेथे दोन डॉलर भाड्याने मिळतो, आणि शहाळ्याच्या पाण्याचा डबा पाच डॉलरला. मी घरून लिंबू, साखर आणि सैंधव घातलेले सरबत नेते. नुसते साधे पाणी घटाघटा पिणे टाळावे, कारण घामातून गेलेले मीठ त्याने भरून येत नाही. वर्गाआधी किमान अडीच-तीन तास काही जड खाऊ नये.

शुल्काचा हिशेब असा आहे. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे ४९ डॉलरमध्ये हवे तेवढे वर्ग करता येतात, आणि ही सवलत खरोखर चांगली आहे. त्यानंतर एका वर्गाचे २८ डॉलर, दहा वर्गांच्या कार्डाचे २२० आणि महिन्याच्या सभासदत्वाचे १५९ डॉलर पडतात. सभासदत्व आपोआप पुढे चालू राहते. ते बंद करायचे तर तीस दिवस आधी ईमेलने कळवावे लागते, आणि ही अट सही केलेल्या मजकुरात पार तळाशी आहे. बारा तासांच्या आत नोंदणी रद्द केल्यास १५ डॉलर दंड होतो. बर्फ पडत असताना तरी तो माफ व्हावा, पण होत नाही.

आठवड्यातून तीनदा जाणे ज्यांना जमते त्यांनी सभासदत्व घ्यावे. इतरांनी दोन आठवड्यांच्या सवलतीत एक तापलेला, एक रविवारचा साधा असे दोन्ही वर्ग करून पाहावेत आणि मग कार्ड घ्यावे, कारण त्याची मुदत सहा महिने असते. पहिल्या दिवशी मॅट दाराजवळ, मधल्या रांगेत टाकावी. उजव्या कोपऱ्यातली जागा नेहमी मोकळी दिसते, ती हीटरच्या झरोक्याखाली असल्यामुळे.